तर्कशुद्ध स्थळ

आमच्या कंधारच्या घरात तर्क फक्त लढवायचा असतो. शेजारची सून माहेरी का गेली, लाइट कधी येणार, यावर आम्ही मनसोक्त तर्क लढवतो. तो शुद्धही असतो, हे मला बघायला आलेल्या लातूरच्या सरांमुळे कळलं.

सर म्हणजे मुलाचे वडील. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. चपला काढता काढताच म्हणाले, "पत्रिका, मुहूर्त, मानपान आम्ही मानत नाही. आमचं सगळं तर्कशुद्ध." चहात साखर नको म्हणाले, तेही तर्कशुद्ध. त्याआधी तीन स्थळांनी माझ्या पत्रिकेतला मंगळ ऐकून चहा निवायच्या आत पाय काढला होता. त्यामुळे खोटं कशाला सांगू, हे स्थळ मला हवं होतं. मुलगाही बरा होता. आईनं केलेला मुरमुऱ्यांचा सुशीला दोनदा मागून खाल्ला त्यानं.

मग परीक्षा सुरू झाली. इतर लोक मुलीला चालून दाखवायला सांगतात, सरांनी प्रश्न घातला. "समज बाळ, नवरा-बायको दोघं नोकरीला. मूल झालं. एकानं नोकरी सोडून घरी बसायचंय. कोणी? तर्कानं सांग, भावनेनं नको."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, नोकरी कायम. मुलगा नांदेडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सुट्टी लागली की पगार बंद.

"ज्याची नोकरी कच्ची, त्यानं," मी म्हणाले.

मुलाला ठसका लागला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"प्रत्येक ठिकाणी तर्क चालत नसतो, बाळ."

आठ दिवसांनी माझ्या वडिलांच्या मोबाइलवर सरांचा निरोप आला. मुलगी हुशार आहे, पण पत्रिका जुळत नाही.

वडिलांनी तो दोनदा वाचला. "पर आपण पत्रिका दिलीच कवा?"

मला हसू आवरेना. आई मात्र कणकेच्या हातानंच बाहेर आली. "लई शानी हायस. एक उत्तर चुकलं असतं तर काय बिघडलं असतं गं?"

माझं हसू तिथंच थांबलं. कारण सरांना कोणतं उत्तर हवंय ते मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं, आणि क्षणभर ते माझ्या ओठांवर आलंही होतं.