गोडी टाकी

जमिनीत खोल भोक पाडताना चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो. तो वेगळा काढणाऱ्या यांत्रिक चाळणीवर, आमच्या साइटवर सगळे ज्यांना मामा म्हणतात, त्यांनी एकतीस वर्षं काढली. तिच्या खडखडाटानं कान गेले, म्हणून ते बोलत नाहीत, ओरडतात. त्यांची बायको, म्हणजे मामी, म्हणतात, "घरी पीठ चाळायला सांगितलं, की लगेच यांची पाठ धरते."

चुरा खड्ड्यात पुरायचा, असा शिरस्ता. मी मात्र तो धुऊन, त्यात खाडीचा गाळ मिसळून, समुद्रानं खाल्लेल्या दलदलीसाठी माती करायला निघाले होते. त्या मातीत चाचणीसाठी लावलेलं ट्रेमधलं गवत दोनदा करपलं. साहेबांनी तिसरी संधी दिली, तीच शेवटची.

तिसऱ्यांदा चुरा धूत होते, तेव्हा मामा डबा घेऊन तिकडून चालले होते. पाइप बघून थबकले.

"इंजिनिअरबाई, पाणी कुठलं घेतलं?"

"गोड्या टाकीचं."

मामांनी डबा खाली ठेवला आणि पोट धरून हसले.

"अहो, ती गोडी म्हणजे गोड्या पाण्याची नव्हे! पूर्वी तिच्यात मळी साठवायचे, साखर कारखान्याची. आता ड्रिलिंगचं पाणी असतं, समुद्राहून खारट. तुम्ही गवताचं लोणचं घातलंत!"

मी कानापर्यंत लाल. धुण्याआधी क्षार मोजले होते. धुतलं म्हणजे गेले, असं धरून चालले होते.

मामांना हा किस्सा कँटीनभर करता आला असता. त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. सुट्टीच्या दिवशी येऊन कँटीनच्या नळाला लांब पाइप जोडला, चुरा सात वेळा धुतला. प्रत्येक खेपेला मी क्षार मोजायचे आणि मामा बोटांत चुरा चोळून ओरडायचे, "अजून एकदा!"

तिसऱ्या ट्रेमधलं गवत तगलं.

मामा निवृत्त झाले त्या आठवड्यात मी त्यांना नि मामींना दलदलीवर घेऊन गेले. ट्रकांनी टाकलेल्या आमच्या मातीवर गवत गुडघाभर होतं. मामांनी आधी एक पाय ठेवला, मग दुसरा. रुतले नाहीत. वाकून त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली.

"चाळलेलं वाया नाही गेलं हो," मामी म्हणाल्या. "आता पीठ तेवढं राहिलं."

टाकीवर मी स्वतः मोठ्या अक्षरांत 'खारी' लिहिलंय. सगळे अजून गोडीच म्हणतात. आता मीही.