दिल्लीच्या मैदानातल्या पायऱ्या

एशियाडचा इतिहास मला झोपेतून उठवून विचारा, मी आजही घडाघडा सांगेन. पहिलं स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी दिल्लीला. मग मनिला, टोकियो, जकार्ता, बँकॉक, परत बँकॉक, तेहरान, पुन्हा बँकॉक, आणि फिरून दिल्ली. सौंसरच्या शाळेत गुरुजींनी आमच्याकडून हे पाठ करून घेतलं होतं. कोणता देश पहिला आला, हेही त्यात होतं. मैदान कुणी बांधलं, हे मात्र नव्हतं. मला ते पाठ करायची गरज नव्हती. दिल्लीच्या नव्या मैदानातल्या काही पायऱ्या माझ्या बाबांनी बांधल्या होत्या.

बाबा गवंडी होते. गावात काम मिळेना, तेव्हा मोहगावच्या काही जणांबरोबर ते दिल्लीला गेले. मी आणि माय पांढुर्ण्याच्या स्टेशनावर त्यांना सोडायला गेलो होतो. त्यानंतर ते एकदाच घरी आले, दसऱ्याला, दीक्षाभूमीला जायचं म्हणून. बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून हातवारे करत सांगत होते, "लोकायले बसाच्या पायऱ्या बांधून राहिलो आम्ही. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, समदं नेऊन बसवलं तरी जागा उरन." मग मायला म्हणाले, "काम पुरं झालं का येतोच मी. टीव्हीवर दिसन समदं, पाहजो."

पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला. मजुरांच्या झोपडीत त्यांना कावीळ झाली होती, त्यातच ते गेले आणि तिथंच सगळं उरकलं होतं. बरोबरच्या एकानं त्यांचे कपडे आणि थापी आणून दिली. मायनं थापी पुसून कोनाड्यात ठेवली. ती रडली नाही. बायका समजूत घालायला आल्या, तर म्हणाली, "मी त्यायचं तोंड पाह्यलं नाही. काम पुरं झालं का येतीन ते." बायका एकमेकींकडे बघत उठून गेल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, कारण मीही मायच्याच बाजूची होते.

हिवाळ्यात एशियाड सुरू झालं. माय ज्यांच्या बागेत संत्री तोडायला जायची, त्या मालकांनी खास त्यासाठी टीव्ही आणला. गच्चीवर उंच अँटिना, त्याचं तोंड नागपूरकडे, आणि पडद्यावर माणसांपेक्षा मुंग्या जास्त. मालक माणूस बरा होता. बागेतल्या सगळ्यांना अंगणात बसू द्यायचा. काम सुटलं की माय मला घेऊन तिथं जायची. बाकीचे कोण पुढं, कोण मागं यावर वाद घालत. माय धावणाऱ्यांच्या पाठीमागे बघायची. तिला पायऱ्या बघायच्या होत्या. त्या पुऱ्या झाल्या का, एवढंच तिला हवं होतं. पण पायऱ्या म्हणजे पडद्यावर नुसता एक करडा पट्टा, आला की गेला. मेले धावणारे एका जागी उभे का राहत नाहीत, असं मला व्हायचं.

एके दिवशी माय उभी राहिली. "भाऊ," ती मालकांना म्हणाली, "त्या अँटिनाचं तोंड दिल्लीकडे करा ना. थो त नागपूरकडे पाहून राहिला. गाडी तिकडे गेली होती पांढुर्ण्याहून." आणि तिनं उत्तरेकडे हात दाखवला.

अख्खं अंगण हसलं. माझ्या हाताशी दगड असता तर मी कुणाचं तरी डोकं फोडलं असतं. मालक हसले नाहीत. "बाई, तसं नसते ते," एवढंच म्हणाले. पण स्वतः गच्चीवर चढले आणि अँटिना फिरवला. पडद्यावर होतं नव्हतं तेही गेलं. शर्यत बुडाली म्हणून लोक कुरकुरायला लागले. माय टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन त्या मुंग्यांत शोधत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या भाऊ. होता तसाच करा."

शेवटच्या दिवशी समारोप होता. चित्र त्या दिवशी जरा बरं होतं. खेळ संपले होते, त्यामुळे कॅमेऱ्याला कुणाच्या मागे पळायचं नव्हतं. तो सावकाश मैदानाभोवती फिरायला लागला. मी मायचा दंड धरला. पायऱ्या दिसल्याच नाहीत. खालपासून वरपर्यंत माणसंच माणसं बसली होती, बोटभर सिमेंट उघडं नव्हतं. मला रडू फुटलं. क्षणभर उठली असती तर त्यांचं काय गेलं असतं?

माय मात्र शांत होती. कॅमेरा पूर्ण फिरून येईपर्यंत तिनं पापणी हलवली नाही.

"पाह्य, कशा भरल्या पायऱ्या," ती म्हणाली. "एवढे लोक बसले. म्हंजे काम पुरं झालं त्यायचं."

मी हो म्हटलं.

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "मंग आले काहून नाही?"

मायनं पदर तोंडाला लावला आणि निरोप आल्यापासून पहिल्यांदा रडली. मालकांनी उठून टीव्ही बंद केला.