दादाच्या छातीतली पांढरी पूड

दादाला कारखान्यात सगळे ‘भूत’ म्हणायचे. पाळी संपवून बाहेर पडला की भुवयांपासून बुटांपर्यंत पांढराफटक. टिटॅनियम डायऑक्साइडची पोती फोडून रंगाच्या टाकीत रिकामी करायची, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. भिंतीचा रंग असो, टूथपेस्ट असो, शुभ्रपणा येतो तो याच पुडीने. “जगातलं निम्मं पांढरं माझ्या हातून जातं,” अशी फुशारकी तो मारायचा.

आई-वडील गेले तेव्हा तो एकोणीसचा होता आणि धाकटी बहीण नऊ वर्षांची. तिची वेणी घालायला तो शेजारणीकडून शिकला. पुढे ती शिकून प्रयोगशाळेत लागली, तेव्हा पठ्ठ्याने अख्ख्या खात्याला चहा पाजला आणि ज्याला त्याला सांगितलं, “आमची बाई पेशी पाळते.”

ते खरंच होतं. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी ताटलीत वाढवायच्या, त्यांच्यावर एखादा पदार्थ सोडायचा आणि किती तगल्या, किती मेल्या ते मोजायचं, हे तिचं काम. एका वर्षी तिच्यापुढे नेमकी दादाचीच पूड आली, पण नव्या जातीची. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. दादाच्या कारखान्यातही तेव्हाच ती येऊ लागली होती.

“अगं, ही पोत्यातून पडतच नाही, धुरासारखी वर उठते,” तो कौतुकाने म्हणाला.

चौथ्या दिवशी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कण पेशींच्या आत जाऊन बसले होते. बऱ्याच पेशी मेल्या होत्या. उरलेल्यांत दाह सुरू झाला होता, काहींच्या डीएनएलाही इजा दिसत होती.

“लगेच बोंब मारू नकोस,” प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. “आपण मात्रा भरपूर दिली होती. ताटलीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. प्रयोग पुन्हा कर.”

त्यांचं काही चुकत नव्हतं. तिने प्रयोग पुन्हा केला, मग आणखी एकदा. त्यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत दर रविवारी ती दादा-वहिनीकडे जेवली आणि गप्प राहिली. एकदाच, ताट धुता धुता, म्हणाली, “दादा, मास्क लावत जा बरं.”

“मास्क लावला तर शिट्टी कशी वाजवू?” तो म्हणाला. ती हसली. आपण त्या वेळी हसलो, हे तिला पुढे कितीतरी दिवस खात राहिलं.

दादाला खोकला पुढच्याच महिन्यात लागला. मग जिना चढताना दम. तपासणीत कळलं, फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. तपासायला काढलेल्या फुप्फुसाच्या तुकड्यात पांढरे कण सापडले.

“या कणांनीच झालं का, डॉक्टर?” वहिनीने विचारलं.

“कण आहेत हे खरं. पण आजार त्यांनीच झाला, असं छातीठोक सांगता येणार नाही. तरुणपणी विड्या ओढल्यात, इतर धूळही गेली असेल.”

एका दुपारी वहिनी इस्पितळातून घरी गेली असताना तिने दादाला सगळं सांगितलं. ताटल्या, मेलेल्या पेशी, आठ महिने. नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन तो छताकडे बघत ऐकत होता.

“दादा, तेव्हा सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?” तिला वाटलं, तो म्हणेल, छे, मी कसला ऐकतोय!

“ऐकलं असतं की,” तो म्हणाला. मध्ये दोन श्वास घेतले. “तुझं कधी मोडलंय का मी?”

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिने त्याच्या चादरीत तोंड खुपसलं. तो तिच्या केसांतून हात फिरवत राहिला. रोग कदाचित आधीच जडला असेल, त्या आठ महिन्यांनी काही फरक पडलाही नसता, हे तिला माहीत होतं. पण मनाला कोण समजावणार?

सतरा दिवसांनी तो गेला.

त्याचं कपाट रिकामं करायला दोघी कारखान्यात गेल्या. जेवणाच्या सुट्टीत ती कामगारांपुढे उभी राहिली. “पक्कं कोणालाच माहीत नाही,” ती म्हणाली, “पण पेशींचं काय होतं ते मी पाहिलंय. पुडीचा धूर छातीत घेऊ नका. टाकीला झाकण आणि धूळ ओढणारा पंखा मागा. तोवर मास्क लावा.” काहींनी माना डोलावल्या. एकाने विचारलं, “हे भुताला का नाही सांगितलंत?”

वहिनीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

“तुला आधीपासून माहीत होतं?”

“अर्धवट माहीत होतं, वहिनी.”

वहिनीने दादाच्या कपड्यांची पिशवी तिच्या हातातून काढून घेतली आणि ती एकटीच फाटकाकडे चालू लागली.