गुणाजीमामांनी कापलेला दोरा

गुणाजीमामांना लोंबता धागा दिसला की राहवत नसे. गिरणीत त्यांनी उभी हयात कापड तपासण्यात घालवली आणि संपात गिरणी गेल्यावर साकीनाक्याच्या एका गारमेंटवाल्याकडे धागा कटिंगला लागले. आमच्याकडे नाहूरला आले तरी चहा यायच्या आत पडद्याचा सुटलेला धागा त्यांच्या चिमटीत असायचा. मी वैतागायचे. "मामा, पडदा तरी ठेवा!"

बसायचे मात्र नाहीत. चहाही उभ्यानेच. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. मामांना भगंदर होतं. बसायच्या जागेशी एक तोंड पडलेलं आणि त्यातून सतत पू. त्याआधी कित्येक वर्षं पोट बिघडलेलं, टीबी समजून इंजेक्शनं झालेली. एका डॉक्टरने भगंदर कापलं, ते शेजारून फुटलं. पुन्हा कापलं, पुन्हा फुटलं. कारखान्यात बाकीचे मांडी घालून धागे कापत, मामा भिंतीला टेकून उभे.

त्यात सुलक्षणाचं लग्न ठरलं. मामांची एकुलती एक पोर. मामांनी जाहीर करून टाकलं, कन्यादानाला धाकटा भाऊ धोंडू बसेल.

"वाहत्या अंगान देवाच्या फुडे कसो बसू गो, शुभा?"

मालनमामी तोंडाला पदर लावून आत गेली. मला भयंकर राग आला, त्या रोगाचा आणि त्या सोवळ्याचाही. त्याच रागाच्या भरात मी मामांना टॅक्सीत आडवं घातलं आणि मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे डॉक्टर अनुपमाबाई भेटल्या. फोटो काढले, आतड्याचा तुकडा तपासला. म्हणाल्या, "हा टीबी नाही. क्रोन नावाचा आजार आहे. आतडंच सुजतं आणि ही पुवाची वाट तिथूनच निघते. सारखं कापत राहिलं तर शौचावरचा ताबा जाईल." मग त्यांनी कापलंच नाही. साठलेला पू काढला, त्या वाटेतून एक जाड रेशमी दोरा ओवला, बाहेर सैल गाठ मारली आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मामांच्या तोंडाला तांब्यासारखी चव यायची. सोलकढीसुद्धा नको म्हणायचे.

थोडे दिवस झकास गेले. मग एकदम ताप आणि त्याच जागी लिंबाएवढी गाठ. मी विचारलं, "दोरा कुठाय?"

मामांनी मान खाली घातली. "आंघोळ करी होतंय, हाताक टोक लागलां. लोंबत होतो, म्हणान कापलंय."

मी कपाळावर हात मारला. अनुपमाबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "काका, तुमची जखम वरून बुजते आणि आत पू कोंडतो. दोरा आहे तोवर दार उघडं राहतं, पू बाहेर येतो." आणि त्यांनी दुसरा दोरा ओवला.

"लग्नाआधी काढाल ना, बाई?"

"लग्नात बसायचंय ना? मग तो आत हवाच."

मी थक्क झाले. दोरा जखम शिवायला लागतो, एवढंच मला माहीत होतं. ही बाई जखम उघडी ठेवायला दोरा वापरत होती. आणि खरोखर, त्या एवढ्याशा दोऱ्याभोवती मामांचं सुजलेलं अंग निवत गेलं. पुवाच्या चिंध्या बदलणारी मामी शेवटी शेवटी म्हणायची, आज नुसता डागच.

मुलुंडच्या हॉलमध्ये भटजींनी पाट मांडले. धोंडू पुढे सरकला. मामांनी त्याला हातानेच मागे सारलं, गुडघे धरले आणि हळूहळू खाली येत पाटावर बसले. मांडी घालून. अख्ख्या हॉलमध्ये कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझे डोळे मात्र भरून आले. माणूस खाली बसतो, यात इतकं पाहण्यासारखं असतं हे मला तोवर कळलंच नव्हतं.

सुलक्षणाच्या पिवळ्या साडीच्या काठाचा एक धागा सुटून लोंबत होता. मामांची चिमूट सवयीने तिकडे गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"असांदे," म्हणाले. मग मामीने सोडलेल्या पाण्याच्या धारेखाली त्यांनी पोरीचा हात जावयाच्या हातात दिला.