रनाळ्याचा स्कोअर सुरतेपर्यंत

घरून काम करायची ती वर्षं मी माझ्या गावी, रनाळ्यात काढली. नोकरी पुण्याच्या कंपनीत, बसणं आमच्या गच्चीवरच्या खोलीत. हिवाळ्यात गावात टेनिस बॉलचे सामने व्हायचे. आमचा जुना ओपनिंग बॉलर, माझा शाळेपासूनचा मित्र, कामाला सुरतेत होता. त्याला सुट्टी मिळेना, म्हणून मी एक वेबपेज बनवलं. मैदानावरून मी धाव नोंदवली की त्याच्या मोबाइलवर ती लगेच दिसायची. बघता बघता बाहेरगावची सगळी पोरं ते उघडून बसू लागली.

गर्दी वाढली म्हणून फायनलच्या तोंडावर मी सगळं कंटेनरच्या क्लस्टरवर, म्हणजे भार वाटून घेणाऱ्या अनेक सर्व्हरांवर हलवलं. पेज उघडत होतं, म्हणून निश्चिंत होतो.

सामना सुरू झाला आणि सुरतेहून मित्राचा फोन आला, स्कोअर शून्यावरच अडकलाय म्हणून. "आरे, काय हुयनं? कवयपासून शून्यच दखाई ऱ्हायना!"

बायको शेजारीच बसली होती. तिच्या हातात फोन दिला आणि म्हणालो, "तू त्याला सांगत राहा." मी लिंबाखाली लॅपटॉप उघडला.

स्कोअर पोचायचा तो वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या लाइनवरून. त्यात ब्राउझर आधी साधीच विनंती पाठवतो आणि तिच्यातच सांगतो, ही लाइन आता उघडी ठेवायची आहे. क्लस्टरच्या दारात बसलेल्या रिव्हर्स प्रॉक्सीने ते आत पोचवायला हवं. ती ते गाळून टाकत होती. मी तिच्या सेटिंगमध्ये दोन ओळी घातल्या आणि स्कोअर धावू लागला. पाणी प्यायला खेळ थांबला, तेव्हा पुन्हा सगळं गोठलं. लाइनवर बराच वेळ काही आलं नाही की प्रॉक्सी ती बंद करायची. मग मुदत वाढवली आणि मधूनमधून एक रिकामा संदेश जाईल अशी सोय केली.

तोवर इकडे बायको रंगात आली होती. "आते तुमनाच गल्लीना पोऱ्या टाकी ऱ्हायना. गया, गया... सुटना कॅच!" कॅच सुटल्यावर ती इतकी ओरडली, की आजूबाजूची माणसं सामना सोडून तिच्याकडे बघत होती.

मी फोन घेतला. "झालं दुरुस्त. आता पेजवर बघ."

"दखस ना," तो म्हणाला. "पन फोन वहिनीकडेच ऱ्हाऊ दे. तिना तोंडथीन ऐकाले बरं वाटस."

शेवटच्या ओव्हरला आम्ही हरलो. फोनवर तो आमच्या कॅप्टनला अस्सल अहिराणी शिव्या घालत होता आणि बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

आता स्पर्धा थेट व्हिडिओवर दिसते. मी पुण्याला आलो, तो सुरतेतच स्थिरावला. कंपनीत नवीन कुणी विचारतं, वेबसॉकेट प्रॉक्सीपाशी का अडतंय, तर मी त्या दोन ओळी दाखवतो. दाखवताना मात्र नाकात त्या मैदानाची धूळ येते, आणि मी जरा जास्तच वेळ समजावत बसतो.