मधली पोकळी

काशीबाई पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग कारखान्यात रंगाची पिंपं धुवायची. १९९४ साली तिचा भाचा प्रदीप सुट्टीवर कोसाडला तिच्या घरी आला. तो रणगाड्यावर जवान होता.

जेवताना तो म्हणाला, "मावशी, काही रणगाड्यांना जाड पोलादापुढं पातळ पत्रा असतो आणि मध्ये नुसती पोकळी. गोळा पत्र्यावरच फुटतो. त्यातून सुटलेली धातूची धार पोकळीत विस्कटते."

"पोकळी कशी वाचवेल रे?" काशीबाईला पटेना.

दुसऱ्या दिवशी तिनं पिंपावरच्या सुक्या रंगावर गोणपाट घट्ट लावलं आणि पाइपची धार सोडली. खालचा रंग सुटला. मग तिनं गोणपाट हातभर पुढं टांगलं. आता पाणी फवारा होऊन पलीकडं गेलं आणि रंग जागचा हलला नाही.

"काशीबेन, शुं करो छो?" काय चाललंय ते मुकादमानं गुजरातीत विचारलं.

"रणगाडा तपासतेय."

घरी येताच ती म्हणाली, "पटलं. पण मग पोकळी खोलीएवढी का ठेवत नाहीत?"

"एवढा रुंद रणगाडा पुलावरून जाईल कसा?"

काशीबाईनं विचारलं, "मग पुढं दोन पत्रे लावले तर?"

"तेही करून बघतात, मावशी," प्रदीप हसत म्हणाला.