वांकिडीची शिवलेली पुस्तकं

साहेबांनी ढिगातलं वरचं पुस्तक घेतलं आणि उघडून पाहिलं. पाऊण पुस्तकापर्यंत पानं सरळ उलटली, पुढे मात्र ते उघडेना. शेवटची पानं कडेनं शिवलेली होती. जाड दोरा, लांब लांब टाके. दुसरं उचललं, तेही तसंच. तिसरंही.

"मुतर्जिमसाहब," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "ये किताब है या कपास का बोरा?"

मी ती पुस्तकं त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा पाहत होतो.

मुतर्जिम म्हणजे तर्जुमा करणारा. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले, आणि आमच्या जिल्ह्यातली रयत बोलायची मराठी, तेलुगू नाहीतर गोंडी. मराठी कागद आला की त्याचं उर्दू करून साहेबांपुढे ठेवायचं, हे माझं काम. बहुतेक कागद बांधाच्या आणि बैलांच्या भांडणांचे. त्यात एक भर होती ती वाचनालयांची. वाचनालय चालवायला सरकारची इजाजत लागे, म्हणजे परवानगी. मराठी पुस्तकं नदीपलीकडून, इंग्रजी मुलुखातून यायची. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीवर, पेटी अडायची आणि माझ्याकडे यायची. मी प्रत्येक पुस्तक वाचून आत काय आहे त्याचा पानभर खुलासा लिहायचा. साहेबांनी सही केली की पुस्तक गावात जायचं.

थोडक्यात, सरकार मला कादंबऱ्या वाचायचा पगार देत होतं. लोकांना हेवा वाटायचा. म्हटलं, या बाबांनो, बसा माझ्या जागी.

कादंबऱ्या दोनच जातीच्या यायच्या, प्रेमाच्या नाहीतर खुनाच्या. प्रेमाच्या कादंबरीत नायक कॉलेजात असतो आणि अभ्यास सोडून सगळं करतो. नायिका वीणा नाहीतर सतार वाजवते. दोघांच्या घरी चहा सारखा होत असतो, पण चूल कोण पेटवतं ते लेखक सांगत नाही. मग तार येते. तार आली की समजावं, पुस्तक निम्मं झालं. यानंतर नायिकेला खोकला होणार किंवा नायकाला मोटारचा अपघात. यातल्या कोणालाही कधी कचेरी नाही, सुनावणीची पेशी नाही, साहेब नाही. मग प्रेम करायला काय जातं?

खुनाची बरी. निदान त्यात कोणीतरी काम करत असतं. पण तिथंही पंचवीस पुस्तकं वाचली की डोळे मिटून सांगता येतं. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तो साधुसंत. जो पहिल्या प्रकरणात हसून पान देतो, तो खुनी. तेही नसेल तर जुळा भाऊ. एवढे जुळे मी उभ्या जिल्ह्यात पाहिले नाहीत.

तर ही शिवलेली पुस्तकं वांकिडीच्या वाचनालयातली, माझ्या नेमणुकीच्या आधीच इजाजत मिळालेली. नवा अमीन, म्हणजे पोलिसांचा अंमलदार, तिकडे दौऱ्यावर गेला होता. त्यानं सहज कपाट उघडलं तर निम्मी पुस्तकं शिवलेली. शिवलं म्हणजे लपवलं, आणि लपवलं म्हणजे सरकारच्या विरुद्ध, असा त्यानं हिशेब केला. अख्खा ढीग गाडीत घालून कचेरीत आणला, आणि मागोमाग वाचनालयाच्या मालकालाही हजर व्हायला सांगितलं.

मालक कसला, साधा शेतकरी माणूस. गणपतराव. कापूस आणि ज्वारी पिकवायचा, आणि वाचनाचं वेड. स्वतःच्या घराची ओसरी वाचनालयाला दिलेली. साहेबांपुढे तो हात जोडून उभा राहिला. मी मधे बसून इकडचं तिकडे करत होतो.

त्याचं म्हणणं सोपं होतं. गावात पुस्तक एक आणि वाचणारे पुष्कळ. पहिला वाचायचा आणि चावडीवर जाऊन खुनी कोण ते सांगून टाकायचा. मग बाकीचे पुस्तकाला हात लावत नसत. म्हणून त्यानं युक्ती काढली. पुस्तक आलं की शेवटचं प्रकरण बोऱ्याला टाका मारायच्या दाभणानं शिवून टाकायचं. वाचणारा शिवणीपर्यंत आला की त्यानं ओसरीवर यायचं. गणपतराव स्वतः दोरा काढून देणार, माणसानं तिथंच बसून शेवट वाचायचा, देवाची शपथ घ्यायची आणि घरी जायचं. मागे पुन्हा टाका. सगळ्यांची पाळी झाली की दोरा कायमचा निघायचा.

मी हे उर्दूत सांगितलं तेव्हा साहेब हसले. मला वाटलं, सुटलो. पण अमीन हुशार. त्यानं ढिगातून एक पुस्तक वेगळं काढून पुढे ठेवलं. खुनाच्या पुस्तकांना शिवण समजू शकतो, तो म्हणाला, पण हे तर प्रेमाचं आहे. यात कोणाला लपवायचं आहे?

साहेबांनी गणपतरावकडे पाहिलं. गणपतरावचा चेहरा पडला.

"चूक झाली, हुजूर," एवढंच तो म्हणाला.

या उत्तरानं घात केला. साहेबांनी हुकूम दिला. सगळे दोरे कापा. शिवलेल्या पानांचा तर्जुमा मुतर्जिमनं करावा. काही वावगं निघालं तर इजाजत रद्द.

पेशीनंतर गणपतराव माझ्या बैठकीपाशी आला आणि खाली बसला. मी विचारलं, काऊन बोलला नाहीस? साहेब ऐकत होते.

"चार लोकाईसमोर कसं बोलू, बापू? घरची गोष्ट हाय."

मग हळूहळू त्यानं सांगितलं. त्याची धाकटी बहीण गोदा त्याच्याकडेच राहायची. तिचा नवरा बरीच वर्षं झाली नदीपलीकडे गिरणीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. निरोप नाही, माणूस नाही. मेल्याची खबर नाही म्हणून ती कुंकू लावत होती आणि वाट पाहत होती. तिला वाचायला यानंच शिकवलं. या कादंबरीतला नायकही असाच परगावी जातो, नायिका वाट पाहते, आणि शेवटच्या प्रकरणात तो तिकडेच मेल्याचं कळतं. गोदानं अर्धं पुस्तक वाचलेलं पाहून यानं घाईघाईनं शेवट शिवला आणि तिला सांगितलं, गाववाल्यांची पाळी बाकी हाय, सगळ्यांचं झालं की उसवू. ती पाळी त्यानं कधी संपूच दिली नाही.

"वाचनालय बंद झालं तर होऊ द्या, बापू," तो म्हणाला. "पण थे एक पुस्तक उघडं घरी येऊ देऊ नका. तेवढं पाहा."

मी बघतो म्हटलं. कचेरीत बघतो म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढचे काही आठवडे मी शेवट वाचत होतो. नुसते शेवट. हुकूम शिवलेल्या पानांचा होता, म्हणून आगापिछा काही नाही. पुस्तक उघडावं तो दिवाणखान्यात सगळे जमलेले, गुप्तहेर बोलतोय, आणि कोणीतरी खुर्चीत घाम पुसतोय. कोण मेलं ते माहीत नाही, कोणी मारलं ते मात्र मी उर्दूत लिहितोय. एकामागून एक. जेवताना बायको बोलायची तर मला वाटायचं, आता ही कबुली देणार. डोळे चुरचुरायचे. नोकरीला इतका वैतागलो नव्हतो कधी.

प्रेमाचं पुस्तक मी शेवटी ठेवलं होतं. त्याचा दोरा मी स्वतः कापला. बाकीच्या पुस्तकांचे टाके बोऱ्याचे, ढोबळ. याचे टाके बारीक आणि सरळ रेषेत. मनात म्हटलं, बहिणीच्या काळजीनं बिचाऱ्यानं जपून घातले असतील. शुक्रवारी कचेरीला सुट्टी असायची. त्या शुक्रवारी मी ते पुस्तक घरी पहिल्या पानापासून वाचलं. हुकूम नसताना वाचलेलं त्या दिवसांतलं ते एकच. खरं सांगायचं तर कादंबरी सामान्यच. तार होती, सतार होती. पण नायिका वाट पाहते ती पन्नासेक पानं लेखकानं मन लावून लिहिली होती. वाटेकडे पाहणं नाही की रडणं नाही. ती रोज त्याच्या वाटणीची भाकर थापते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः शिळी खाते. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

खुलासे साहेबांपुढे गेले. त्यांनी सगळे वाचले आणि खूश झाले. प्रत्येक पुस्तकात गुन्हेगार सापडतो, शिक्षा होते, कायद्याचा विजय होतो. रयतेनं हे वाचलं तर उलट चांगलंच, असं त्यांनी अमीनलाच ऐकवलं. मग प्रेमाच्या पुस्तकावर बोट ठेवलं.

मी अदबीनं सांगितलं की यात वावगं काही नाही. शिवण घरच्या कारणानं आहे, तेवढं एक पुस्तक पुन्हा शिवायची परवानगी असावी. कोणतं कारण, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मेरी भी बहनें हैं," ते म्हणाले. "लेकिन मिसल पर अमीन का लिखा है. एक किताब बंद छोड़ूँ, तो पूरा वाचनालय बंद करना पड़ेगा."

मिसल म्हणजे फाइल. मिसलवर एकदा चढलं की साहेबाच्या बापालाही उतरवता येत नाही. हुकूम निघाला. इजाजत कायम, शिवण कायमची बंद, आणि पुस्तकं मुतर्जिमनं स्वतः नेऊन उघडी कपाटात लावून यावं. म्हणजे मीच.

बैलांच्या दमणीत पुस्तकं घालून मी वांकिडीला निघालो. वाटभर एकच विचार. म्हटलं, ते पुस्तक वाटेत पडलं असं सांगावं का? पण सगळ्या पुस्तकांची पोच लिहून द्यायची होती. अमीन तपासणार. एक कमी भरलं तर पुन्हा तेच गुऱ्हाळ, आणि आता वाचनालय जाणार.

गणपतरावनं दमणी पाहिली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याला समजलं. माझ्यासाठी ताक आणतो म्हणून आत गेला आणि बराच वेळ आला नाही. मी ओसरीवर एकटाच पुस्तकं कपाटात लावू लागलो. तेवढ्यात गोदाबाई आली. चाळिशीची, काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू. तिनं ढिगातून नेमकं तेच पुस्तक उचललं. मी अडवणार कसा? तिनं शेवटाकडे पाहिलंही नाही. कडेच्या भोकांत अडकलेले दोऱ्याचे तुकडे ती नखानं काढत बसली.

"हा कोनं कापला?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मी. सरकारी हुकूम होता.

"कापायचा नसते, बापू. उसवायचा असते. म्या चारदा उसवला, चारदा घातला. दोरा तोच."

टाके बारीक का होते ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"म्हंजे तुमाले शेवट ठाऊक हाय?"

"कवाचाच." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "पन दादाले सांगू नका. मी वाट पाहनं कवाचं सोडलं. थो अजून पाहून राह्यला. बाजारातून आला का पयले ओसरीवर पाह्यते, कोनी पाव्हना आला का म्हनून. टाका हाय तोवर त्याले वाटते, मले आशा हाय. मंग त्यालेबी वाटते."

गणपतराव ताकाचा गडू घेऊन बाहेर आला. बहिणीच्या हातात ते पुस्तक पाहून जागच्या जागी थांबला. गडू हातातच.

"वाचलं का?" त्यानं विचारलं.

"कुठचं वाचनं," गोदाबाई म्हणाली. "बारीक अक्षर मले आता दिसत नाही. तुमीच सांगा ना, दादा. थो येते का वापस?"

गणपतरावनं माझ्याकडे पाहिलं. शेवट मला ठाऊक होता, मी तो उर्दूत लिहून सरकारजमा केला होता. मी ताकाचा गडू त्याच्या हातातून घेतला आणि पिऊ लागलो.

"येते ना," गणपतराव म्हणाला. आधी अडखळला, मग त्याला सूर सापडला. तो रेल्वेनं येतो, स्टेशनवर उतरतो, दाढी वाढलेली म्हणून कोणी ओळखत नाही, फक्त तिचा कुत्रा ओळखतो. घरी येतो तर त्याच्या वाटणीची भाकर तव्यावरच असते. असं बरंच काही. त्या कादंबरीत कुत्रा नव्हता. गोदाबाई मान हलवत ऐकत होती आणि मधे मधे विचारत होती, मंग? मग तिनं पुस्तक कपाटात ठेवलं आणि कामाला आत गेली. भाऊ तिथंच खाली बसला. म्हणाला, "बरं झालं, बापू. बरं झालं तिचे डोळे अधू झाले." आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसू लागला.

मी पोच लिहिली. सर्व पुस्तकं उघडी, कपाटात लावली. दमणीत बसून परत आलो.

वाचनालय पुढे चालू राहिलं, पण मजा गेली. दोरा नाही म्हटल्यावर प्रत्येक खुनी आठवड्याच्या आत चावडीवर उघडा पडायचा. खुनाची पुस्तकं धूळ खात पडली, असं गणपतराव पुढे एका पेशीला आला तेव्हा म्हणाला. प्रेमाची तेवढी जायची. बहिणीचं मी विचारलं. म्हणाला, बरी हाय, आता मीच तिले वाचून दाखवतो, शेवट आला का जरा सांभाळून.

मी त्याच्या पेशीचा कागद पुढे ओढला. तेव्हापासून कोणी मला एखाद्या कादंबरीचा शेवट विचारला, की मी आधी विचारणाऱ्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारून घेतो.